नात्याचा रकाना

दुपारची सुट्टी झाली की इलेक्ट्रिशियनच्या शेडमधला मेन स्विच खट्ट करून खाली यायचा आणि लगेच संघप्रिया मॅडमच्या टेबलावर दोन डबे उघडले जायचे. एक मॅडमचा, एक आरोहीचा. दोन्हींत भाकरी तीच, शेंगांची चटणी तीच. फक्त आरोहीच्या डब्यात लोणच्याऐवजी गुळाचा खडा असायचा, कारण तिला तिखटावर गोड लागायचं.

"मॅडम, आमच्या नशिबात कधी येणार दुसरा डबा?" शेजारच्या फिटर ट्रेडचे सतीश सर दारातून डोकावून विचारायचे.

"तुमच्या घरी बायको आहे की, सर."

"म्हणूनच तर विचारतोय!"

शेडमधली पोरं हसायची. आरोही मान खाली घालून भाकरी मोडायची. ती टेबलाच्या डाव्या बाजूला बसायची, मॅडमच्या अगदी खांद्याला खांदा लावून. प्रॅक्टिकलला उभं राहायचं झालं तरी तिची जागा तीच. मॅडम बोलायला लागल्या की ती मान कलती करून आणखी जवळ यायची. दोन वर्षांत त्या जवळ येण्याची मॅडमना सवय झाली होती. सुट्टीच्या दिवशी घरी पोळ्या लाटताना कधी कधी त्यांना आपली डावी बाजू मोकळी मोकळी वाटायची.

आयटीआय सोलापुरात विजापूर रोडला, गावाच्या जरा बाहेर. खासगी, लहानशी. मॅडम तिथे सोळा वर्षं शिल्प निदेशक, म्हणजे इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या शिक्षिका होत्या. पण त्या पदाचं नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळ्यांच्या तोंडी मॅडमच. वय चव्वेचाळीस. वडील सूतगिरणीत कामाला होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसून लोकांचे टेबलफॅन दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून स्क्रू गोळा करता करता पोरीला वायरिंग कळायला लागलं. त्या स्वतः आयटीआयला गेल्या तेव्हा चोवीस जणांच्या बॅचमध्ये एकट्या मुलगी. त्यांचे निदेशक हणमंत सर फार कमी बोलायचे. मॅडम खांबावर चढल्या की सर येऊन शिडी धरायचे आणि उतरेपर्यंत जमिनीकडे बघत राहायचे. वरून काही विचारलं तर उत्तरही जमिनीकडे बघूनच. शिडी मात्र कधी तसूभर हलली नाही.

मॅडमचं लग्न झालं, नवरा यशपाल रेल्वेच्या सिग्नल विभागात. माणूस शांत, घरकामाला हात लावणारा. बुधवार पेठेत दोन खोल्यांचं घर. सगळं होतं, मूल तेवढं झालं नाही. पहिली दहा वर्षं डॉक्टर, मग पाच वर्षं कुणी सांगेल ते, आणि त्यानंतर नुसतं गप्प राहणं. गेल्या चार वर्षांत त्या घरात हा विषय कुणी काढला नव्हता. पाहुणे आले तर यशपाल स्वतःच चहा टाकायला उठायचा, म्हणजे बायकोला एकटीला प्रश्न ऐकावे लागणार नाहीत असं नव्हे, पण निदान चहा येताच विषय बदलायचा.

आरोही आली वैरागहून, दहावी होऊन, साडेपंधरा वर्षांची. वडील नव्हते. आई नागूबाई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. पोरगी मुलींच्या वसतिगृहात राहायची, पण तिथली मेस संध्याकाळचीच, म्हणून दुपारी पाणी पिऊन बसायची. मॅडमनी हे तिसऱ्या दिवशी हेरलं आणि चौथ्या दिवशी दुसरा डबा आणला. इतकं साधं होतं ते. मग पावसाळ्यात रेनकोट आला. मग रविवारी घरी येऊन अभ्यास. मग यशपालने तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल ओढून दिलं, त्यावर दिवा लावून दिला. ती आली की तो चप्पल न वाजवता घरात फिरायचा.

प्राचार्यांची एक नोटीस दरवर्षी जूनमध्ये फिरायची. प्रशिक्षणार्थ्यांना खासगी फोन करू नयेत, त्यांना घरी बोलावू नये, भेटवस्तू देऊ-घेऊ नयेत. खाली सगळ्यांच्या सह्या.

"ही आम्हा पुरुषांसाठी," सतीश सर सही करता करता म्हणायचे. "तुम्हाला काय, मॅडम. तुम्ही तर पोरींच्या आईसारख्या."

मॅडमही तसंच समजून सही करायच्या. नोटीस ज्या वाईटासाठी काढली होती ते वाईट त्यांच्या मनात नव्हतं. मग नोटीस त्यांना कशी लागू होणार?

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली. आरोही पहिली आली. चाकणच्या एका कंपनीने ॲप्रेंटिससाठी तिची निवड केली. तिचं वय सतरा वर्षं सात महिने, म्हणून करारावर पालकाची सही लागणार होती. करार ऑनलाइन भरून, प्रिंट काढून, सही करून, परत स्कॅन करून चढवायचा. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाची. पोर्टल तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा उघडलं तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नागूबाईचा फोन बंद येत होता. वैराग सोलापूरपासून तासा-सव्वा तासावर, पण एसटीने जाऊन अंगठा घेऊन परत यायला वेळ कुठला?

"मॅडम, आता?" आरोही रडकुंडीला आली.

मॅडमनी पालकाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव टाकलं. फोन नंबर स्वतःचा. पुढचा रकाना नात्याचा होता. त्याला टिचकी मारली की यादी खाली उघडायची: वडील, आई, पती, इतर. 'इतर' निवडायचं, एवढंच होतं. मॅडमचा हात माउसवर होता. यादीतल्या त्या चार शब्दांकडे त्या बघत राहिल्या. मग टिचकी पडली.

आरोहीने स्क्रीनकडे बघितलं, मग मॅडमकडे. हसली. "चालतंय की, मॅडम. मला आता दोन आया."

प्रिंट निघाली. मॅडमनी सही केली. पाच वाजून बावन्न मिनिटांनी कागद चढला.

त्यानंतर आठ दिवसांनी, पाणी यायच्या दिवशी, मॅडम बॅरल भरत होत्या. चौथ्या दिवशी येणारं पाणी, तासभरच टिकणारं. त्यांचा एक हात पाइपवर होता तेव्हा फोन वाजला.

"आरोहीच्या मम्मी बोलताय का?" कुणी तरुण मुलगी विचारत होती. कंपनीतून.

पाइपमधून पाणी पडत होतं. मॅडमनी तो बॅरलमध्ये सोडला आणि पदराला हात पुसले, जणू काही समोर कुणी आलं होतं.

"हो. बोला ना."

मुलीला हॉस्टेलवर ठेवायला तुमची हरकत नाही ना? नाही. रात्रपाळी नसेल, काळजी करू नका. बरं. मुलीला काही आजार, काही त्रास, ऐकण्या-दिसण्याचा, चक्कर वगैरे? छे, काही नाही. खाण्यापिण्याचं? तिखट खाते, पण बरोबर गूळ लागतो तिला. फोनवरची मुलगी हसली. "माझीपण मम्मी अशीच सांगत असते सगळ्यांना," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा बॅरल भरून पाणी अंगणभर पसरलं होतं. शेजारीण ओरडत होती. मॅडम तशाच उभ्या राहिल्या. पायाला गार पाणी लागत होतं आणि ते बंद करावं असं त्यांना वाटत नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सतीश सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. प्लेसमेंटचं काम सरांकडे होतं. त्यांनी दार लोटलं आणि स्क्रीन वळवून कंपनीची मेल दाखवली. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव नागूबाई. करारावर आई म्हणून दुसरंच नाव. शुक्रवारपर्यंत खऱ्या पालकाच्या सही-अंगठ्याचा दुरुस्त करार आणि आरोग्याचा तक्ता द्यावा, नाहीतर निवड रद्द.

सतीश सर त्या दिवशी थट्टा करत नव्हते. "मॅडम, असं कसं झालं?"

मॅडमनी स्क्रीन परत त्यांच्याकडे वळवली.

"बरं, असू दे. प्राचार्यांपर्यंत जात नाही हे. नवीन प्रिंट काढा, वैरागला जा, अंगठा घ्या. तिच्या आईला वाचता कुठं येतंय? म्हणावं, एक कागद राहिला होता. विषय मिटला."

हे सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच बुधवारी एसटीत बसल्यापासून मॅडमच्या डोक्यातून ते जात नव्हतं. पर्समध्ये नवा करार, जुन्याची प्रत आणि शाईचा पॅड. जुनी प्रत कशासाठी घेतली हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. खिडकीबाहेर उडदाची काढणी चालली होती. आपण काय गुन्हा केला, त्या स्वतःशी म्हणत होत्या. पोरीचं भलंच केलं. मुदत निघून गेली असती. पण मुदतीसाठी 'इतर' चाललं असतं, हेही त्यांना कळत होतं.

नागूबाईचं घर पत्र्याचं, लख्ख झाडलेलं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली आरोहीच्या शाळेची प्रमाणपत्रं ओळीने लावलेली. नागूबाई मॅडमसाठी रानातून लवकर आली होती. बारीक चणीची बाई, बोटं उडदाच्या शेंगांनी काळी झालेली.

"जय भीम, बाई. लई उन्हाचं आलासा. बसा, बसा. आरू, पाणी दे की."

चहा झाला. नागूबाई कौतुकाने बोलत राहिली. बाईंनी रेनकोट दिला, बाईंनी डबा दिला, पोरगी सुट्टीत घरी आली की "मॅडम असं करत्यात, मॅडम तसं करत्यात" एवढंच. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि पोरीकडे बघायची. मग पदराने डावा अंगठा पुसून तिने पुढे केला.

"कुटं लावायचा? आना तो पॅड. तुमाला परत एसटी गाठायची आसंल."

मॅडमनी पॅड उघडला. अंगठा शाईवर टेकणार तेवढ्यात त्यांनी नागूबाईचं मनगट धरलं.

"थांबा. आधी ऐका, यात काय आहे ते."

"तुमी आनलाय म्हंजी ठीकच आसंल की."

"नाही. ऐका."

दारात उभी असलेली आरोही पुढे आली. "मॅडम, कशाला ते..."

मॅडमनी जुनी प्रत काढली आणि वाचली. पालकाचं नाव. नातं. सही. मग फोन आला होता तेही सांगितलं. सांगताना आवाज वर्गात शिकवताना असतो तसा कोरडा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. शेवटी तो राहिला नाही.

नागूबाईचा अंगठा अजून तसाच हवेत होता. तिने तो हळूच मुठीत घेतला.

"माजा फोन बंद व्हता," ती म्हणाली. "चार्जर मोडलाय." बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. "पर बाई, तिला आई हाय की."

"हो."

"मला वाचता येत न्हाय, म्हून मी न्हाई आसं व्हतं व्हय?"

"नाही होत. माझं चुकलं."

नागूबाईने मान हलवली. ती रागावली होती का, हे मॅडमना तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग तिने वेगळंच विचारलं. "फोनवर काय काय इचारलं त्यांनी?"

मॅडमनी सांगितलं. हॉस्टेलचं, रात्रपाळीचं, खाण्याचं.

"रोग-बिग इचारला आसंल."

"विचारला. काही नाही म्हणाले मी."

"आन कानाचं?"

"कसल्या कानाचं?"

आरोहीने खाली बघितलं. नागूबाईने पोरीकडे आणि मग मॅडमकडे बघितलं, जरा आश्चर्यानेच.

"डाव्या कानानं तिला आयकू येत न्हाय, बाई. चार वर्साची आसताना कान फुटला. पू यायचा. डाक्टर म्हनला सोलापूरला न्या. सुगीचे दिवस व्हते, मी म्हनलं आठ दिसांनी न्हेऊ." ती थांबली. "तवापासनं कुणाजवळबी बसली तर उजव्या अंगाला मानूस धरून बसती. तुमाला ठावं नसंल व्हय? दोन वर्सं तुमच्याजवळ हाय की ती."

मॅडमनी आरोहीकडे बघितलं. टेबलाच्या डाव्या बाजूची ती जागा, खांद्याला लागणारा खांदा, कलती मान. दोन वर्षं रोज त्यांनी ते सगळं मनात जपून घरी नेलं होतं. पोरगी त्यांना लागून बसत होती, कारण तिला ऐकायचं होतं. शिकायचं होतं. शंभर वेळा त्यांनी वर्गात सांगितलं होतं की मोटार बिघडायच्या आधी आवाज बदलते, कान उघडे ठेवा. आणि शेजारच्या पोरीचा कान त्यांना दिसला नव्हता. शिक्षक म्हणून हे आधी दिसायला हवं होतं.

नव्या करारासोबत आरोग्याचा तक्ता होता. मॅडमनी पेन काढलं.

"मॅडम, ते लिहू नका ना." आरोही त्यांच्याजवळ येऊन बसली, डाव्या बाजूलाच. "ते घेणार नाहीत मला. कुणाला कळतच नाही. तुम्हाला पण कळलं नाही."

"तिथे ट्रॉल्या चालतात, आरोही. मागून भोंगा वाजला आणि तो डावीकडून असला तर?"

"मी बघून चालीन."

"लिहावं लागेल."

आरोहीचे डोळे भरले. राग आला की तिचं बोलणं वैरागचं व्हायचं. "तुमी खरंच आई आसता तर लिवलं नसतं तुमी."

मॅडमचं पेन थांबलं. ते वाक्य कुठे लागलं हे आरोहीलाही कळलं असावं, कारण तिने ओठ दाताखाली धरला. उत्तर नागूबाईने दिलं.

"खरी आई हितं बसलीया की गं. आन ती म्हनतीया, लिव्हा. एकदा मी आठ दिस थांबले, तेवढं बास झालं. लिव्हा, बाई."

मॅडमनी लिहिलं. नात्याचा रकाना नागूबाईला वाचून दाखवला. मग नागूबाईने अंगठा शाईत दाबला आणि कागदावर असा टेकवला की रेष न् रेष उठली. तो उचलल्यावर ती त्या ठशाकडे जरा वेळ बघत राहिली. "ब्येस उटलाय," ती म्हणाली.

जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. उडदाचं घुटं आणि भाकरी. मॅडम जेवत असताना तिने विचारलं, "तुमाला लेकरू?"

"नाही."

"आसं," नागूबाई म्हणाली, आणि ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी वाढली.

एसटीपर्यंत पोचवायला आरोही आली नाही.

कंपनीने तपासणी केली. कागदपत्रं परत मागवली. दहा दिवस काहीच कळलं नाही आणि त्या दहा दिवसांत मॅडम एकच डबा घेऊन शाळेच्या पोरीसारख्या टेबलाशी बसायच्या. सतीश सर एकदा दारात आले, तोंड उघडलं आणि काही न बोलता आपला डबा घेऊन समोर बसले. मग कळलं, घेतलं तिला. मशिन शॉपमध्ये नाही, पॅनेल वायरिंगला. तिथे आवाज कमी असतो.

गेली त्या दिवशी नागूबाई तिच्याबरोबर पुण्यापर्यंत गेली. बस सोलापूरवरूनच जाणार होती, साडेदहाला. स्टँड आयटीआयपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. मॅडम गेल्या नाहीत. नव्या बॅचला स्टार्टरची जोडणी दाखवायची होती, ती त्यांनी दाखवली. एका पोराने दोनदा तीच चूक केली, दोनदा त्यांनी न चिडता सांगितलं. दुपारी मेसेज आला: "मॅडम, बसमध्ये आहे. उद्या जॉइन. थँक्यू." मॅडमनी मोठं उत्तर लिहिलं. लिहून पुसलं. परत लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं: "अभिनंदन. सेफ्टी शूज रोज घालायचे."

संध्याकाळी यशपाल इस्त्री करत होता. मॅडम खाटेवर बसल्या आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. यादीतले चार शब्द, टिचकी, फोन, नागूबाई, कान. यशपालने ऐकता ऐकता एक शर्ट संपवून दुसरा घेतला.

"म्हणालीस तर तू," तो शेवटी म्हणाला. "मी तिची आई म्हणून."

"म्हणाले."

"किती वेळ चालला फोन?"

"चार मिनिटं. चार मिनिटं बारा सेकंद. मी नंतर बघितलं."

यशपालने कॉलर उलटी करून दाबली. "आणि बापाचं काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं. वारले म्हणाले. ती नऊ वर्षांची असताना."

यशपालने इस्त्री उभी करून ठेवली आणि बायकोकडे बघितलं. "मारलंस की मला."

मॅडमना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते त्याच्यासमोर आवरलं नाही. तो येऊन शेजारी बसला. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"नऊ वर्षांची," यशपाल म्हणाला, स्वतःशीच हिशेब केल्यासारखा. "म्हणजे चौथीपर्यंत तरी होतो की मी."